दहा दिवसांची लस

बेंगळुरूच्या लसीकरण केंद्रात आम्ही सगळे परदेशी जाणारे यलो फीव्हरच्या लसीसाठी थांबलो होतो. मला ऑफिसच्या कामाने ब्राझीलला जायचं होतं. शेजारचे आजोबा कोरा पासपोर्ट उघडून पुन्हापुन्हा स्वतःचाच फोटो पाहत होते. मी फोनवर आईशी बोललेलं ऐकून म्हणाले, "मराठीच का अम्मा? आम्हीपण मराठीच, इथल्या बनशंकरीचे."

त्यांचा मुलगा पेरूच्या जंगलात होता. तिथे वनस्पतींचा काढा पाजून मनाचे आजार बरे करतात, असं त्याने इंटरनेटवर वाचलं होतं. तिथल्या लोकांनी सांगितलं म्हणून त्याने डॉक्टरांच्या गोळ्या एकदम बंद केल्या.

"आता सारखा नदीकडे पळतो. डॉक्टर नाही तिथे. खोलीत कोंडलंय त्याला, येऊन घेऊन जा म्हणतात."

आजोबांना खुर्चीवर बसवून लस टोचून झाल्यावर नर्स म्हणाली, "सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं. त्याआधी निघू नका."

त्यांनी दुसरा हात पुढे केला. "ह्यातही दिली तर पाच दिवसांत होईल का, सिस्टर?"

रांगेतला मागचा एकजण हसला. नर्सने माझं नाव पुकारलं. आजोबा खुर्चीवरून उठेनात, आणि त्यांना उठा म्हणायचं मला धैर्य झालं नाही.