ओटीपी भावजींच्या फोनवर

मुठा गावात चंद्राबाईच्या हातचा खेकड्याचा रस्सा खाल्लेला पाहुणा पुन्हा आला नाही, असं सहसा होत नसे. नदीच्या अंगाला तिच्या दोन खोल्या. पुण्याची मंडळी शनिवार-रविवार राहायला येत आणि जाताना बुकिंगच्या ॲपवर तिच्याबद्दल भरभरून लिहून जात. हे सगळं बाईनं एकटीनं उभं केलं. नवरा भैरू सरपण फोडून द्यायचा, एवढाच त्याचा हातभार.

ॲप मांडून दिलं ते पुतण्या अमोलनं. तो हिंजवडीत नोकरीला. "काकी, धा ठिकाणचे धा पासवर्ड कुटं ध्यानात ठिवतीस? एकच खातं काढू. बुकिंग, नकाशा, फोटो, समदं त्याच खात्यानं उघडायचं. आन ओटीपी टाकल्याबिगर कुणाला आत शिरता येत न्हाई. लई सेफ."

पोरगं खरं तेच बोलत होतं. पण तेव्हा चंद्राबाईकडं स्वतःचा फोन नव्हता, म्हणून खात्याला नंबर दिला तो अमोलच्या बापाचा, म्हणजे तिच्या थोरल्या दिराचा, जनार्दनचा. पुढं तिनं फोन घेतला, तरी खात्यावरचा नंबर तोच राहिला. ॲपनं ओटीपी मागितला, की जनार्दन ओसरीवरून ओरडून आकडे सांगायचा आणि ती चुलीपुढं बसून टाकायची. एकत्र घर, कुणाला त्यात काय वावगं वाटणार?

मग घर फुटलं. वाटणीला पंच बसले. भातखाचरं, म्हशी, तांब्याची घंगाळं, पार पाटा-वरवंटा कुणाचा तेही ठरलं. नदीकडच्या खोल्या चंद्राबाईला आल्या, रस्त्याकडची जागा जनार्दनला. खात्याचं नाव कुणी काढलं नाही, तिनंही नाही. खोल्या माझ्या, म्हणजे त्यांचं सगळंच माझं, असं ती धरून चालली. इथंच बाई फसली.

जनार्दननं रस्त्याकडं चार खोल्या बांधल्या. दिवाळीनंतर एका सकाळी चंद्राबाईचं ॲप उघडेना. तिनं कुंपणापाशी जाऊन हाक मारली.

"भावजी, ओटीपी आलाय का बघा की."

"आलाय."

"मग सांगा."

"खातं माज्या नंबरवर हाय. म्हंजी माजंच की."

ॲपवर आता जनार्दनच्या खोल्यांचे फोटो आणि खाली तिच्या रश्श्याची तारीफ, जशीच्या तशी. कुणी कुलूप फोडलं नव्हतं. किल्ली घरातच होती, आणि घरातल्यानंच मालकिणीला बाहेर काढलं. चोर परवडला, त्याच्या नावानं निदान शिव्या तरी देता येतात.

ती पंचांकडं गेली. ते म्हणाले, "बाई, ही जिमीन न्हाई का भांडं न्हाई. हेची वाटणी कशी करायची?" भैरू म्हणाला, "थोरला भाऊ हाय, जाऊ दे." असल्या नवऱ्याला काय ओवाळायचं! तिनं अमोलला फोन लावला.

"तू सोताचा फोन घेतलास तवाच नंबर बदलायला पायजे हुता, काकी."

"मग तवा का न्हाई बोललास?"

पोरानं मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

तिनं स्वतःच्या नंबरवर नवं खातं काढलं. पण तिथं तिच्याबद्दल कुणाची एक ओळ नव्हती. तसल्या कोऱ्या जागेवर विश्वास टाकून कोण येतंय? खोल्या रिकाम्या पडल्या.

जानेवारीत मृण्मयीताई आल्या. जुन्या पाहुण्या, पण ॲपनं त्यांना जनार्दनच्या दारात उतरवलं. थोड्या वेळानं थोरली जाऊ बोलवायला आली. "पाव्हण्या तुज्याच हातचा रस्सा मागत्यात. चल की. मजुरी दिऊ."

चंद्राबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घरात बसून तरी काय होणार होतं? ती गेली आणि जावेच्या चुलीवर रस्सा केला.

मृण्मयीताई बोटं चाटत म्हणाल्या, "काकू, चव अगदी तीच हो! थांबा, आत्ताच ॲपवर लिहिते."

"नगा लिवू, ताई," चंद्राबाई हात जोडून म्हणाली. "तुमी माजं लिवता आन ते त्यांचं हुतंय."

मृण्मयीताई हसल्या. काकूंचा स्वभावच असा, मोठेपणा घेतच नाहीत, असं म्हणत त्यांनी पाचही तारे दिले आणि तेही कौतुकानं लिहून टाकलं.