चटणीतली गोळी

शेंगदाण्याची चटणी मी अजून कुटते, पण कुणाच्या ताटात वाढताना हात आखडतो. कारण सांगायची लाज वाटते, तरी सांगते.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. आम्ही शुक्रवार पेठेत राहत होतो. थोरला मुलगा पंचवीसेक वर्षांचा, शिंप्याच्या दुकानात कारागीर. कॉलर अशी बसवायचा, की गिऱ्हाईक त्यालाच शोधत यायचं. एका वर्षी त्याच्या डोक्यात बसलं, की दुकानातले लोक आपल्या चहात काहीतरी घालतात. काम सुटलं. मग शेजारी, मग सख्खे वडीलही संशयात आले. फक्त माझ्या हातचं खायचा.

अंगारे झाले, देवऋषी झाला. शेवटी आम्ही नवराबायकोच मनाच्या आजारांच्या डॉक्टरांकडे गेलो. मुलगा यायलाच तयार नव्हता. त्यांनी सगळं ऐकून गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, "त्याला सांगूनच गोळी द्या, आणि महिन्याच्या आत घेऊन या." आम्ही यातलं काहीच केलं नाही. सांगितलं तर तो गोळी थुंकून टाकेल, अशी मी मनाची समजूत घातली. रोज एक गोळी कुटायची आणि त्याच्या वाटच्या चटणीत मिसळायची. संपल्या, की तीच चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून आणायच्या. लसूण-तिखटात कडूपणा कुठला कळतोय! जगात ज्या एका हातावर त्याचा भरवसा होता, त्याच हातानं मी त्याचा संशय खरा केला. आणि तेव्हा स्वतःला मोठी शहाणी समजत होते.

दोनेक महिन्यांत तो पुन्हा दुकानात जायला लागला. मी देवाला नारळ फोडला. मग त्याचा हात थरथरू लागला. सुईत दोरा जाईना, कॉलर वाकडी होऊ लागली. मला शंका आली नव्हती असं म्हणाले तर जीभ झडेल. आली होती. पण गोळी थांबवली तर ते दिवस परत येतील, या भीतीनं कुटतच राहिले.

शेवटी तोच म्हणाला, डॉक्टरला दाखवू. पेठेतल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो.

"कसली गोळी चालू आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाय, कसलीच न्हाय," तो म्हणाला.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा केला. आमचे हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले. मग डॉक्टर म्हणाले, मेंदूचं काही असू शकतं, मोठ्या इस्पितळात दाखवून आणा.

बाहेर आल्यावर तो पायरीवरच बसला.

"आये, मी जगत न्हाय का काय गं आता?"

तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं. चटणीपासून सगळं सांगितलं. तो ओरडेल, मला ढकलून देईल असं वाटलं होतं. दिलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं,

"मग मी बरा झालो, ते?"

मागून त्याचे वडील हळूच म्हणाले, "त्या गोळीनंच, बाळा."

त्यानं मान खाली घातली. मग हात पुढं केला. गोळ्यांची पुडी माझ्या कनवटीलाच होती, ती मी त्याच्या थरथरत्या तळहातावर ठेवली. तो उठला, पायऱ्या चढू लागला. मीही मागं निघाले.

"तू हितंच थांब," मागं न बघता तो म्हणाला, आणि एकटा आत गेला.