जोडीदार बदलून मिळणेबाबत

रेक्टरांनी डोक्यावरची काळी टोपी काढली, तीत चिठ्ठ्या टाकल्या आणि वसतिगृहात कोणी कोणाबरोबर वर्ष काढायचं ते पाच मिनिटांत उरकून टाकलं. माझ्या मावशीसाठी स्थळं बघण्यात आजोबांनी तीन वर्षं घालवली होती. ती उगाचच घालवली म्हणायची.

ही साठीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. पालघरचं आमचं वसतिगृह म्हणजे भाड्याचं कौलारू घर, आठ खोल्या आणि एक विहीर. वडील साताऱ्याकडचे, तारापूरला वीज केंद्राच्या बांधकामावर आलेले. शेजारच्या क्वार्टरमधला मुलगा माझ्याच वर्गात होता आणि त्याच्याशी मी खोलीचं आधीच ठरवून ठेवलं होतं. दोघंही घाटावरचे, दोघांच्या आया एकमेकींकडे चकल्यांची ताटं पाठवणाऱ्या, म्हणजे सगळे गुण कसे जुळत होते! आणि टोपीतून माझ्या वाट्याला निघाला दातिवऱ्याच्या कोळ्याचा मुलगा.

त्याच्या कोळीवाड्यातून कॉलेजात आलेला तो पहिलाच. बापाने एका वर्षाची सवलत दिली होती. वर्ष नीट गेलं तर शीक पुढे, नाहीतर मुकाट्याने होडीवर ये. हे त्याने मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मी "बरं" म्हणालो आणि खिडकीजवळची कॉट पटकावली.

माणूस कटकटीचा नव्हता, हीच तर पंचाईत! स्वतःची बादली भरताना माझीही भरायचा. त्रिकोणमितीत मी गटांगळ्या खायला लागलो की "अरे सोपं हाय, इकडं बघ" म्हणत वहीत सोडवून दाखवायचा. पण त्याच्याकडे एक पत्र्याचा डबा होता आणि डब्यात सुके बोंबील. त्याची आई बाजाराच्या दिवशी मासळी विकायला पालघरला यायची आणि डबा भरून जायची. तो खायचा तेही बाहेर पडवीत बसून. आमच्याकडे रविवारी मटण शिजलं की घमघमाट सुटायचा, बोंबलांना मात्र वास यायचा. फरक बारीक आहे, पण आम्हा खानदानी लोकांना तो बरोबर कळतो.

मी अर्ज लिहिला. विषय : खोलीतील जोडीदार बदलून मिळणेबाबत. कारण : असह्य वास. अक्षर अगदी मोत्यासारखं काढलं. रेक्टरांनी दोघांना बोलावून तो मोठ्याने वाचला. मला वाटलं, आता हा भांडणार. तो म्हणाला, "सर, डबा मी घरी पाठवून देतो. आजच देतो." रेक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. मग तोच म्हणाला, "नाय तर मी जातो दुसरीकडं. त्याचा अभ्यास नाय व्हायचा."

बाकीच्या सात खोल्यांतल्या नाकांनाही एकाएकी जाग आली. त्याला कोणी घेईना. काही दिवस तो पडवीतच वळकटी टाकून राहिला, आणि दिवाळीच्या सुट्टीला गेला तो परत आलाच नाही. माझ्या खोलीत माझा पारखून घेतलेला दोस्त आला. त्याने माझे लाडू फस्त केले, माझ्याच कॉटवर पत्त्यांचा अड्डा मांडला आणि वर्षाच्या शेवटी गणितात आम्ही दोघंही जोडीने आपटलो. चकल्यांची देवाणघेवाण मात्र चालू राहिली.

पुढच्या वर्षी, म्हणजे मी त्याच वर्गात असताना, बाजारात त्याची आई दिसली. मान खाली घालून सटकणार तोच तिने हाक मारली.

"तुमी त्याच्या खोलीतलेच ना?"

मी कसाबसा हो म्हणालो.

"होडीवर जातो आता," ती म्हणाली. "त्याच्या बापाशी भांडून पाठवला होता मी त्याला. मी लय बोलले त्याला, तर म्हणतो, आये, गणित मला जमलं नाय. तुमी सांगा, खरंच एवढं कठीण हाय?"

लाज वाटली. अजून वाटते. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ती वाट बघत उभी होती.

"हो मावशी," मी म्हणालो, "गणित फार कठीण होतं."