छोटा पिकअप

ओल्या ताडपत्रीचा वास आला की मला सिंगापुरातलं पाया लेबारजवळचं ते गाड्यांचं यार्ड आठवतं. फ्लॅट दुरुस्तीची कामं घेणारे बाबांचे मित्र सामान आणि कामगार न्यायला नवा पिकअप निवडत होते, आणि मी तेव्हा पर्यावरणाची पत्रकं वाटत फिरायचे. "काका, मोठा कशाला? छोटा घ्या, डिझेल कमी जाळेल," मी ठणकावलं. "मोठा आमच्या कारपार्कातही शिरत नाही. जिंकली बघा पत्रकबाई!" काका हसले. त्यांचा मुकादम मात्र हसला नाही. आभाळ काळं झालं होतं. तो छोट्या पिकअपच्या उघड्या हौद्यात चढला, गुडघे छातीशी ओढून बसला आणि उरलेली जागा वितीने मोजू लागला. "दीदी, हम आठ लोग हैं," एवढंच म्हणाला. आणि मी काय म्हणाले? "ॲडजस्ट हो जाएगा." मी! आज माझ्याच पत्रकावर छापलंय, माणसं मालासारखी वाहू नका. रोज सकाळी तोच पिकअप सेरंगूनला माझ्या बसस्टॉपसमोरून जातो. शेवटचा माणूस फाळक्याला टेकलेला असतो, एका हाताने दांडा धरून. मी डोकी मोजते. आठ भरेपर्यंत श्वास सोडत नाही.