दवाखान्याचा फाटा

ती व्हिडिओचे तुकडे जोडून गोष्टी करायची, पण सरळसोट नव्हेत. तिच्या गोष्टी मध्येच थांबत आणि बघणाऱ्याला विचारत, आता काय करायचं? पडद्यावरच्या ज्या पर्यायावर बोट ठेवाल त्या फाट्याने गोष्ट पुढे जाई. फाटे तपासायला या धंद्यातलं ओ की ठो न कळणारं माणूस लागतं, आणि सासूबाई घरात आयत्याच होत्या. त्या नको तिथे बोट ठेवून गोष्ट अडकवून दाखवत आणि वर "शेंडा ना बुडखा" म्हणून सुनेलाच सुनावत.

या वेळची गोष्ट एका आरोग्य संस्थेसाठी होती. एका माणसाच्या छातीत दुखतं. त्याला घरीच पडून राहू द्यायचं की दवाखान्यात न्यायचं? तो वाचतो तो शेवट अजून चित्रित व्हायचा होता, म्हणून तिने तात्पुरते दोन्ही फाटे मरणाच्या प्रसंगालाच जोडले होते. ती कच्ची प्रत तपासायला सासूबाईंच्या फोनवर असतानाच तिचा नवरा गेला. छातीत दुखतंय म्हणाला होता. पित्त असेल, जरा पड, असं आईने सांगितलं होतं.

पुढे सासूबाईंच्या घशाखाली घास उतरेना. एक दिवस त्यांनी ती गोष्ट उघडली आणि दवाखान्यावर बोट ठेवलं. माणूस मेला. पुन्हा ठेवलं, पुन्हा मेला. त्या दिवशी त्या दोन घास जेवल्या. हे तात्पुरतं आहे असं सांगायला सुनेने तोंड उघडलं होतं, ते तिने मिटलं.

नवा शेवट आला तो तिनेच जोडला. पडद्यावरचा माणूस उठून बसला, बायकोकडे त्याने पाणी मागितलं. आवाज ओठांशी जुळतो का, हे तिने पुन्हापुन्हा पाहिलं. जुळत होता. तिला काहीच वाटलं नाही, रडूसुद्धा आलं नाही. सासूबाईंच्या फोनवरची जुनी प्रत तिने तशीच राहू दिली.

जेवायला बसताना सासूबाईंनी विचारलं, "त्या गोष्टीत काही बदललं का गं?"

"नाही, आई."

"म्हणजे त्याला नेलं असतं तरी..."

"तरी तेच झालं असतं. तुमचं काही चुकलं नाही."

सासूबाई पोटभर जेवल्या. तिनेही ताट पुढे ओढलं. नवरा गेला त्या दुपारी ती शेजारच्याच खोलीत हीच गोष्ट जोडत बसली होती. छातीत दुखतंय हे त्याचं बोलणं तिने ऐकलं होतं, आणि एवढा फाटा जोडून झाला की उठते, असं म्हणाली होती.