सुनंदाताईंचा लाजवणारा प्रश्न

मानोऱ्याचे गुरुजी, खाली मांडी घालून बसता येतं ना आता? शेलूबाजारचे जीपवाले भाऊ, कमरेचा पट्टा सुटला की अजून बांधलेलाच? वाशीमच्या मावशी, पायातली कळ थांबली का? डॉक्टर सुनंदाताईंच्या साठीनिमित्त आपण सारे कमरेचे दुखणेकरी या गौरव अंकात एकत्र आलो, म्हणून आधी विचारपूस. आणि ताई, साऱ्यांची तब्येत पाहणाऱ्या तुम्ही, तुमची कशी आहे?

ताईंची नि माझी ओळख झाली ती माझी पत्नी कौसल्या हिच्या दुखण्यामुळे. ती पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेली. पायाळूच्या लाथेनं चमक जाते, असा समज; म्हणून आमच्या मेडशीत कोणाच्या कमरेत चमक भरली की तो आमच्या अंगणात पालथा पडायचा आणि ही त्याला हलकी लाथ मारायची. एकदा तुरीची पेंढी उचलताना तिचीच कंबर गेली. कळ पार पायाच्या अंगठ्यापर्यंत. शेजाऱ्यांनी तिला फळीवर झोपवलं. "मणका सरकला, हलू नोको," म्हणाले. तिला लाथ मारायला दुसरा पायाळू शोधणं सुरू झालं, तेव्हा मी तिला वाशीमला ताईंकडे नेलं.

ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, तुमचा पाय गुणाचा असन. पण मणका कुठी गेलाच नाही, तं लाथेनं जाग्यावर काय येईन? दोन मणक्यायच्या मधातली गादी फुगून नस दाबून राह्यली. फळी सोडा, झेपन तेवढं चाला. बहुतेकायचं बिना ऑपरेशनचं बरं होते." आणि एकदम विचारलं, "बसाच्या जागी बधिर लागते काय? लघवी समजते नं?"

कौसल्येने तोंडाला पदर लावला. "माय वं, हे काय इचारणं!"

"लाजसान तं पाय जातीन, काकू. असं झालं तं घटकाभर थांबाचं नाही."

ती चालू लागली, कळही ओसरली. आणि एका दुपारी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "अहो, त्या बाईनं इचारलं व्हतं ना, तसंच झालं."

शेजारी म्हणाले, थंडीनं झालं असेल. मी मात्र गाडी केली. ताईंनी तपासलं आणि लगेच अकोल्याच्या सर्जनना फोन लावला. मी गडबडलो. "ताई, तुमीच तं म्हणल्या, ऑपरेशन लागत नाही!"

"बहुतेकायले लागत नाही म्हणलं, काका. काकूले लागते. आत्ताच."

कमरेचं ऑपरेशन झालेला माणूस पुन्हा उठत नाही, हे मी जन्मभर ऐकलेलं. ताई दवाखाना सोडून आमच्यासोबत अकोल्याला आल्या. ऑपरेशनच्या खोलीबाहेर मी उपाशीच बसलो होतो, तेव्हा आपल्या डब्यातली भाकर माझ्या हातात देऊन बोलल्या, "खा. उद्या तिले धरून चालवाले ताकत पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी कौसल्या माझा हात धरून उभी राहिली. लघवीचं भान यायला वेळ लागला, पण तेही आलं. ताई म्हणाल्या, उशीर केला असता तर सांगता आलं नसतं.

मोठेपणा म्हणतात तो हाच. ऑपरेशनच्या नावानं भिववलं नाही, आणि गरज पडली तेव्हा आपल्याच शब्दाला अडून बसल्या नाहीत. आमच्या अंगणात आजही कोणी पालथं पडतं. कौसल्या लाथ मारत नाही, ताईंचा प्रश्न विचारते, तोही मोठ्यानं! गडी लाजून उठतात नि ताईंकडे जातात.

ताई, तुम्हाला उदंड आयुष्य मिळो, अंगात बळ राहो, कंबर ताठ राहो. सत्काराच्या गर्दीतून मोकळ्या झालात की दोन ओळी लवकर लिहा. पत्र आलं का पाहायला कौसल्या रोज फाट्यापर्यंत पायी जाते.