यंत्र आमच्याकडचं

आयुष्यात पहिल्यांदा मी कुठेतरी वेळेआधी पोहोचलो, तो हा दिवस. माझा मित्र मोहन आणि त्याची बायको, ॲनिकवहिनी, यांना डेट्रॉइटजवळच्या नोव्हायहून एअरपोर्टला सोडायचं काम माझ्याकडे होतं. व्हीलचेअरसाठी गाडीची मागची सीट काढताना बोट चेंगरून घेतलं होतं. त्या बोटाचं भरपूर नाटक करून वहिनींना हसवायचं, असा बेत होता. मोहन पायरीवर बसला होता, शेजारी टॅग लावलेल्या बॅगा. "अव्या, गाडी बंद कर," तो म्हणाला. "आत्ता मघाशी गेली रे ॲनिक." मी बंद केली नाही. आम्ही दोघं तिथेच बसलो आणि गाडी ड्राइव्हवेत तशीच घरघरत राहिली...

वहिनी फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या, पश्चिमेला समुद्रात घुसलेल्या प्रांताच्या. मराठी शिकल्या त्या सासूबाईंबरोबर फोनवर भांडता यावं म्हणून. कुणाही मोठ्या माणसाचं नाव निघालं की त्यांचा पहिला प्रश्न, "जन्म कुठला?" कॅनडाचा किनारा गाठणारा दर्यावर्दी? "आमच्याकडचा." स्टेथोस्कोप शोधून काढणारा डॉक्टर? "तो तर अगदीच आमच्याकडचा, भाऊजी." असा अभिमान फक्त पुणेकरांना असतो, अशी माझी समजूत होती. मी स्वतः पुण्याचा, त्यामुळे स्पर्धा सहन होईना.

एकदा मंडळाच्या गणपतीत माइक माझ्या हातात आला. (तो देणाऱ्याला पुढे कधीच कमिटीवर घेतलं नाही.) मी ठोकून दिलं, की ज्या फ्रेंच माणसानं आपलं डेट्रॉइट वसवलं, तो आपल्या ॲनिकवहिनींच्याच गावचा! टाळ्या पडल्या. वहिनी शांतपणे उठल्या, माइक काढून घेतला आणि म्हणाल्या, "तो दक्षिणेकडचा. आमचा नव्हे. उद्या मी अविनाशभाऊजींना सुरतेचे म्हटलं तर चालेल?" त्यानंतर वर्षभर नोव्हायपासून पलीकडच्या ट्रॉय गावापर्यंत लोक मला 'केम छो' करत होते.

मग ते दुखणं आलं. उपचार थांबले तेव्हा वहिनींनी एकच मागितलं... एकदा घरचा समुद्र बघू दे. प्रवास झेपेल असं डॉक्टरनं म्हणायला हवं होतं. मोहन त्या एका वाक्यामागे वेड्यासारखा लागला. तपासणीच्या दिवशी मीही खोलीत होतो. डॉक्टर मुलगी छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकत राहिली, फार वेळ ऐकत राहिली. वहिनी मला डोळा मारून म्हणाल्या, "भाऊजी, यंत्र आमच्याकडचं." मला हसू फुटलं आणि मोहन माझ्यावर खेकसला, "गप्प बस यार, तिला ऐकू येत नसेल!" मग त्यानं त्या मुलीपुढे हात जोडले. "प्लीज, एकदा मला ऐकू द्या." तिनं काय वाटून कोण जाणे, दिलं. कानाला लावून तो डोळे मिटून उभा राहिला, आणि म्हणाला, "चालू आहे. व्यवस्थित चालू आहे." जणू आता तिकीट हातात द्यायचं तेवढं राहिलं. डॉक्टर खिडकीकडे बघत होती. परवानगी मिळाली, पण का मिळाली ते त्या खोलीत मोहन सोडून सगळ्यांना कळलं होतं.

त्यानं एक स्टेथोस्कोप ऑनलाइन मागवला. रोज सकाळी चहाच्या आधी वहिनींची छाती ऐकायचा. निघायच्या दिवशीही ऐकायला गेला होता...

आता रविवारी मी त्याच्याकडे जातो. बॅगांचे टॅग अजून काढलेले नाहीत. स्टेथोस्कोप स्वयंपाकघरात, वहिनींच्या ॲप्रनच्या खुंटीवर असतो. मागच्या रविवारी मी काहीतरी बडबडत होतो, भात करपवल्याचंच बहुधा, तर तो उठला, कानाला नळ्या लावल्या आणि थंडगार चकती माझ्या शर्टाच्या आत सरकवली. मला सुचलं होतं की म्हणावं, हृदय सुरतेचं आहे, जपून. पण मी शर्टाचं आणखी एक बटण सोडून दिलं.

"तुझं चालू आहे रे," तो म्हणाला. चकती मात्र काढेना. भात पुन्हा खाली लागत होता, वास येत होता. तरी मी जागचा हललो नाही.

"ऐक," मी म्हटलं. "ऐक अजून थोडं."